हॅराल्ड उलरिक स्वेर्ड्रुप

हॅराल्ड उलरिक स्वेर्ड्रुप (१५ नोव्हेंबर, १८८८ – २१ ऑगस्ट, १९५७) हे नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ, समुद्रवैज्ञानिक आणि ध्रुवप्रदेशाचे संशोधक होते. रोआल्ड आमुंडसेन यांच्या 'मॉड' मोहिमेचे वैज्ञानिक प्रमुख म्हणून त्यांनी सात वर्षे आर्क्टिकच्या परिसरात घालवली. पुढे अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक म्हणून १९३६ ते १९४८ या काळात त्यांनी समुद्रविज्ञानाचे पहिले सुसूत्र विद्यापीठीय शिक्षण उभे केले. विद्यार्थ्याने जहाजावर जाऊन स्वतः निरीक्षणे घेतल्याखेरीज तो समुद्रवैज्ञानिक होत नाही, ही त्यांच्या शिक्षणपद्धतीची मुख्य अट होती. सागरी प्रवाहातून वाहणाऱ्या पाण्याचे मान मोजण्याचे 'स्वेर्ड्रुप' हे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

'फ्राम' जहाजाचे विख्यात कप्तान ओटो स्वेर्ड्रुप यांच्याशी त्यांची अनेकदा गल्लत केली जाते. ते दोघे वेगळे. ओटो हे दर्यावर्दी होते, तर हॅराल्ड हे गणिताच्या वाटेने समुद्राकडे आलेले वैज्ञानिक होते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

स्वेर्ड्रुप यांचा जन्म नॉर्वेच्या पश्चिम भागातील सोग्नडाल येथे झाला. वडील एडवर्ड स्वेर्ड्रुप हे ल्यूथरपंथी ईश्वरशास्त्राचे अध्यापक होते. घरातील वातावरण धार्मिक आणि विद्याव्यासंगी होते. त्यांचे बंधू लाइफ स्वेर्ड्रुप हे पुढे अमेरिकेत नामांकित स्थापत्य अभियंते झाले.

क्रिस्तियानिया (आताचे ओस्लो) येथील विद्यापीठात त्यांनी आरंभी खगोलशास्त्राचा अभ्यास योजला होता. १९११ मध्ये विल्हेल्म ब्यर्कनेस यांचे साहाय्यक होण्याची संधी मिळाली आणि आकाशातील ताऱ्यांऐवजी पृथ्वीभोवतीची हवा हा त्यांचा विषय बनला. वातावरण आणि महासागर या दोन्हींच्या हालचाली भौतिकीच्या समीकरणांनी वर्तवता येतील, अशी ब्यर्कनेस यांची धारणा होती, आणि त्यांच्या साहाय्यकांचा खर्च वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या अनुदानातून भागत असे. १९१३ मध्ये ब्यर्कनेस जर्मनीत लाइप्झिग येथे गेले, तेव्हा स्वेर्ड्रुपही त्यांच्याबरोबर गेले. तेथील कामातूनच उत्तर अटलांटिकमधील व्यापारी वाऱ्यांवरचा त्यांचा प्रबंध सिद्ध झाला व १९१७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाची सामग्री इतरांनी समुद्रावर घेतलेल्या नोंदींची होती. स्वतः नोंदी घेण्याचा प्रसंग लवकरच आला.

'मॉड' मोहीम (१९१८–१९२५)

फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाज बर्फात गोठवून घेऊन बर्फाबरोबर वाहत जाण्याचा प्रयोग केला होता. तोच प्रयोग पुन्हा करून उत्तर ध्रुवावरून वाहत जावे, असा आमुंडसेन यांचा बेत होता. मोहिमेच्या वैज्ञानिक कामाची जबाबदारी त्यांनी एकोणतीस वर्षांच्या स्वेर्ड्रुप यांच्यावर सोपवली. १९१८ च्या उन्हाळ्यात 'मॉड' निघाले. मोहीम तीन-चार वर्षांची अपेक्षित होती, ती सात वर्षे चालली, आणि ध्रुवावर जहाज कधीच पोहोचले नाही.

पहिला हिवाळा सायबेरियाच्या उत्तर टोकाजवळ, केप चेल्युस्किनच्या परिसरात गेला. १९१९ मध्ये तेथून टपाल व वैज्ञानिक नोंदी घेऊन पायी निघालेले पेटर टेसेम आणि पॉल क्नुट्सेन हे दोन खलाशी वाटेतच मरण पावले. दुसरा हिवाळा आयोन बेटापाशी काढावा लागला. या हिवाळ्यात स्वेर्ड्रुप जहाज सोडून रेनडिअर पाळणाऱ्या चुकची लोकांबरोबर सात महिन्यांहून अधिक काळ राहिले. त्यांच्याबरोबर तंबूंतून भटकले, त्यांची भाषा बोलण्याइतपत शिकले आणि चालीरीतींच्या तपशीलवार नोंदी केल्या. या वास्तव्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही त्या समाजाविषयीचे एक विश्वासार्ह साधन मानले जाते. वाऱ्याचा वेग नोंदवणारा हा माणूस परक्या समाजाच्या नोंदीही तितक्याच संयमाने घेऊ शकला, हे त्याच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते.

१९२१–२२ मध्ये जहाज दुरुस्तीसाठी सिॲटल येथे असताना स्वेर्ड्रुप यांनी काही महिने वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत घालवले. १९२२ च्या उन्हाळ्यात 'मॉड' पुन्हा उत्तरेला निघाले. विमानाने ध्रुव गाठण्याच्या विचाराने आमुंडसेन यांनी मोहीम सोडली होती. जहाजाची सूत्रे ऑस्कर विस्टिंग यांच्याकडे आली व विज्ञानाची सर्व धुरा स्वेर्ड्रुप यांच्याकडे राहिली.

पुढील तीन वर्षे हे छोटे जहाज म्हणजे तरुणांसाठी एक वेगळ्याच प्रकारची शाळा होती. स्वीडनचे तरुण हवामानशास्त्रज्ञ फिन माल्मग्रेन स्वेर्ड्रुप यांचे साहाय्यक म्हणून दाखल झाले होते. समुद्राच्या बर्फाच्या गुणधर्मांवर त्यांनी जहाजावरच अभ्यास केला आणि तो त्या विषयातील पायाभूत अभ्यास ठरला. मोहिमेचे वैमानिक ओड डाल यांचे विमान १९२३ मध्ये बर्फावर निकामी झाले. विमान गेल्यावर वैमानिकाला जहाजावर काम उरले नाही. डाल यांच्या हातातील कसब ओळखून स्वेर्ड्रुप यांनी त्यांना उपकरणे बनवण्याच्या कामी घेतले. दोघांनी मिळून बर्फाखालील प्रवाहाचा वेग व दिशा विजेच्या साहाय्याने नोंदवणारे प्रवाहमापक जहाजावरच तयार केले. विद्यापीठाचे शिक्षण नसलेले डाल पुढे कार्नेगी संस्थेत गेले आणि काही दशकांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेतील कणत्वरकाच्या आरंभीच्या आखणीत त्यांनी प्रमुख भाग घेतला. माल्मग्रेन यांचे नशीब वेगळे होते. १९२८ मध्ये 'इटालिया' हवाईजहाज उत्तर ध्रुवाहून परतताना कोसळले आणि मदत शोधण्यासाठी बर्फावरून चालत निघालेल्या माल्मग्रेन यांचा वाटेत अंत झाला.

मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचे वैज्ञानिक फळ भरती-ओहोटीच्या अभ्यासातून मिळाले. सायबेरियाच्या उत्तरेला समुद्र उथळ आहे व किनाऱ्यापासून फार दूरवर तसाच पसरलेला आहे. तेथे भरतीची लाट पुढे सरकताना पृथ्वीच्या परिवलनामुळे तिचे वर्तन कसे बदलते आणि बर्फ व समुद्रतळ यांच्या घर्षणामुळे तिची उंची कशी घटते, हे स्वेर्ड्रुप यांनी प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे दाखवले. तोवर भूगोलाच्या काही अभ्यासकांना या भागात एखादा मोठा अज्ञात भूप्रदेश असावा असे वाटत असे. भरतीच्या लाटा निर्वेधपणे पोहोचत असल्याचे दिसल्यावर त्या कल्पनेला आधार उरला नाही. ऑगस्ट १९२५ मध्ये 'मॉड' अलास्कातील नोम बंदरात परतले, तेव्हा आमुंडसेन दिवाळखोरीत निघाले होते आणि सावकारांनी जहाज ताब्यात घेतले.

बेर्गेन, 'नॉटिलस' आणि स्पिट्सबर्गेन

१९२६ मध्ये स्वेर्ड्रुप बेर्गेन येथे हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्यर्कनेस यांनी सोडलेले ते पद होते. १९२८ मध्ये गुडरुन ब्रॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पत्नीच्या पहिल्या विवाहातील मुलीला त्यांनी दत्तक घेतले. 'मॉड' मोहिमेच्या निष्कर्षांचे संपादन करण्यात या काळातील बराच वेळ गेला. अमेरिकेचे 'कार्नेगी' हे लोहविरहित संशोधनजहाज १९२९ मध्ये आपिया बंदरात स्फोट होऊन नष्ट झाले. त्याच्या अखेरच्या सफरीत जमलेल्या समुद्रविषयक नोंदींचे विश्लेषणही स्वेर्ड्रुप यांच्याकडे आले.

१९३१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ह्यूबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेच्या नौदलाची जुनी पाणबुडी घेऊन बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठण्याचा प्रयत्न केला. 'नॉटिलस' असे नाव दिलेल्या या पाणबुडीवर स्वेर्ड्रुप वैज्ञानिक प्रमुख होते. बर्फाच्या कडेपाशी पोहोचल्यावर पाणबुडीचे खोल जाण्याचे सुकाणूच नाहीसे झाल्याचे आढळले. मोहिमेचा मुख्य हेतू तेथेच संपला. तरीही पाणबुडीच्या तळातील कक्षातून उपकरणे खाली सोडून स्वेर्ड्रुप यांनी स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेकडील खोल पाण्याच्या नोंदी मिळवल्या. वृत्तपत्रांनी ही मोहीम थट्टेचा विषय केली होती, पण तिच्या समुद्रविषयक नोंदी उपयोगी ठरल्या.

१९३४ मध्ये स्वीडनचे हिमनदीतज्ज्ञ हान्स आलमन यांच्यासह त्यांनी स्पिट्सबर्गेनच्या हिमपठारावर उन्हाळा घालवला. बर्फ वितळवणाऱ्या उष्णतेपैकी किती थेट सूर्याच्या प्रारणातून येते आणि किती वाहत्या उबदार हवेतून, हा त्यांचा प्रश्न होता. हिमनद्यांच्या मागे हटण्याचा हवामानबदलाशी संबंध तपासणाऱ्या आजच्या अभ्यासांचे मूळ अशा मोजमापांत आहे.

स्क्रिप्स संस्थेतील कार्य (१९३६–१९४८)

स्क्रिप्स संस्था कॅलिफोर्नियातील ला होया या किनारी गावात १९०३ मध्ये जीवशास्त्रीय केंद्र म्हणून सुरू झाली, १९१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सामील झाली आणि १९२५ मध्ये तिचे नाव समुद्रविज्ञान संस्था असे ठेवले गेले. परंतु नाव बदलले तरी काम किनाऱ्याभोवतीच फिरत होते. संस्थेच्या धक्क्यावरून १९१६ पासून दररोज पाण्याचे तापमान घेतले जात असे, आणि आज शंभर वर्षांहून अधिक लांबलेली ती मालिका मौल्यवान आहे. मात्र खुल्या समुद्रात जाणारे समर्थ जहाज संस्थेकडे नव्हते. टॉमस वेलंड व्हॉन यांच्यानंतर संचालकपदासाठी स्वेर्ड्रुप यांना तीन वर्षांकरिता बोलावण्यात आले. ते आले, आणि काही आठवड्यांतच संस्थेची एकमेव 'स्क्रिप्स' ही नाव सॅन डिएगोच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली.

ही दुर्घटना एका अर्थी निर्णायक ठरली. देणगीदार कुटुंबातील रॉबर्ट स्क्रिप्स यांनी १९३७ मध्ये सुमारे ३२ मीटर लांबीचे एक शिडाचे विलासी जहाज विकत घेऊन संस्थेला दिले. ते पूर्वी हॉलिवूडचे अभिनेते लुईस स्टोन यांच्या मालकीचे होते. त्यात प्रयोगशाळा व तार गुंडाळणारे यंत्र बसवून त्याचे नाव 'ई. डब्ल्यू. स्क्रिप्स' ठेवण्यात आले. ते तयार होईपर्यंतही स्वेर्ड्रुप थांबले नाहीत. कॅलिफोर्निया राज्याच्या मत्स्यखात्याच्या 'ब्लूफिन' या जहाजावरून १९३७ च्या मार्च ते जुलैमध्ये किनाऱ्याजवळील पाण्याची वारंवार पाहणी करण्यात आली. वायव्येकडून वाहणारा वारा पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी संपन्न पाणी वर येते, ही क्रिया या पाहणीतून टप्प्याटप्प्याने नोंदवली गेली. १९३९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ई. डब्ल्यू. स्क्रिप्स' कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले. संस्थेची ही खऱ्या अर्थाने पहिली मोठी समुद्रयात्रा.

शिक्षणपद्धती

समुद्रविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे की भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व भूविज्ञान यांची समुद्रकिनारी भरलेली जत्रा, असा वाद त्या काळी होता. स्वेर्ड्रुप यांनी त्यावर वादविवाद न करता अभ्यासक्रम आखला. कोणत्याही शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने समुद्राची भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व भूविज्ञान हे चारही विषय शिकावेत, असा नियम झाला. माशांच्या अंड्यांवर काम करणाऱ्याला प्रवाहांचे गणित यावे आणि गणितज्ञाला प्लवकांची जाळी ओढता यावी, हा त्याचा अर्थ.

दुसरा भाग जहाजावरचा. त्या काळातील निरीक्षणाची रीत समजून घेतल्याशिवाय या आग्रहाचे कारण कळत नाही. ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबवून लांब तारेवर ठराविक अंतरांवर धातूच्या नळ्या अडकवल्या जात. नान्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नळ्यांना उलटे होणारे तापमापक जोडलेले असत. तार खोल उतरल्यावर वरून एक वजन सोडले जाई. ते पहिल्या नळीवर आदळले की नळी उलटी होऊन तिची तोंडे बंद होत आणि तापमापकातील पारा त्या क्षणी तुटून त्या खोलीचे तापमान कायम राही. त्याच धक्क्याने पुढचे वजन सुटून खालच्या नळीकडे जाई. वर आणलेल्या पाण्याची क्षारता सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने काढली जाई. तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक नसेल, तर खोल पाण्यातील फरक हाती येत नाहीत.

या साखळीत चूक होण्याच्या जागा अनेक आहेत. एखादी नळी उलटत नाही, तार प्रवाहामुळे तिरपी होते आणि खोली फसवी ठरते, डोलत्या जहाजावर रात्री तीन वाजता तापमापक वाचणारा दमलेला असतो. तक्त्यातील आकडा किती विश्वसनीय आहे, हे ज्याने असे आकडे स्वतः मिळवले आहेत त्यालाच पारखता येते. स्वेर्ड्रुप यांचा सैद्धांतिक पाया भक्कम होता, म्हणूनच सिद्धान्ताला आधार देणाऱ्या आकड्यांबाबत ते इतके काटेकोर राहिले असावेत.

त्यांच्या विद्यार्थ्यांत सर्वाधिक नाव झाले ते वॉल्टर मंक यांचे. १९३९ च्या उन्हाळ्यात ते ला होया येथे उमेदवारीसाठी आले. या विषयात पुढील दहा वर्षांत एकही नोकरी निघेल असे वाटत नाही, असे स्वेर्ड्रुप यांनी त्यांना आरंभीच स्पष्ट केले होते. मंक तरीही राहिले. नवख्या संशोधकाला खोटी आशा न दाखवण्याचा हा सरळपणा स्वेर्ड्रुप यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत कायम राहिला. भाकीत मात्र सपशेल चुकले, कारण युद्ध आले.

'द ओशन्स' ग्रंथ

१९४२ मध्ये स्वेर्ड्रुप यांनी मार्टिन जॉन्सन व रिचर्ड फ्लेमिंग या सहकाऱ्यांसह 'द ओशन्स' हा एक हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जॉन्सन जीवशास्त्रज्ञ, फ्लेमिंग रसायन जाणणारे आणि स्वेर्ड्रुप भौतिकीचे. तोवर इंग्रजीत विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे असे सर्वसमावेशक पाठ्यपुस्तक नव्हते. पुढील दोन-तीन दशके समुद्रविज्ञान शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हा ग्रंथ वापरला गेला. नंतरच्या शोधांनी, विशेषतः समुद्रतळाच्या हालचालींविषयीच्या ज्ञानाने, त्यातील काही प्रकरणे कालबाह्य झाली. पाण्याच्या राशींचे वर्णन करणारी प्रकरणे मात्र आजही वाचण्याजोगी आहेत.

युद्धकाळ

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. स्वेर्ड्रुप यांचे परत जाणे अशक्य झाले. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांच्या संस्थेच्या जवळच, पॉइंट लोमा येथे पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पाण्यातील ध्वनीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे त्यांचे विद्यार्थी व सहकारी काम करू लागले. स्वेर्ड्रुप यांना मात्र गोपनीय कामाची परवानगी नाकारण्यात आली. व्याप्त नॉर्वेतील नातेवाइकांमुळे त्यांच्यावर दबाव येऊ शकेल हे एक कारण होते. काही सहकाऱ्यांनीच त्यांच्या निष्ठेविषयी तपासयंत्रणांकडे शंका व्यक्त केल्याचे पुढे उघड झाले. त्या शंकांना कोणताही पुरावा मिळाला नाही. देशातील सर्वांत जाणत्या समुद्रवैज्ञानिकाला समुद्राच्या संशोधनापासून दूर ठेवणारा हा निर्णय आज अन्यायकारक आणि अविचारीही वाटतो.

त्यांना करू दिलेले काम लाटांचे होते. उत्तर आफ्रिकेतील नियोजित सैन्यउतरणीच्या सरावात, लाटा ठराविक उंचीपलीकडे गेल्या की लहान नौका उलटतात, असे मंक यांच्या लक्षात आले. किनाऱ्यावरील लाटांची उंची आगाऊ सांगता येईल का, असा प्रश्न घेऊन ते स्वेर्ड्रुप यांच्याकडे आले. दोघांनी उत्तराचे तीन टप्पे केले. वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, यावर वादळाखालील लाटा ठरतात. तेथून निघालेल्या लाटा शेकडो किलोमीटर प्रवासात हळूहळू क्षीण होतात. शेवटी उथळ पाण्यात त्यांची उंची वाढून त्या फुटतात. सागरात सर्व लाटा सारख्या नसतात, म्हणून सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची हे माप त्यांनी वापरले. अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगतो तिच्याशी हे माप जुळते. हवामानखात्यांच्या आजच्या सागरी अंदाजांतही ते वापरात आहे.

ही पद्धत सैन्याच्या हाती द्यायची तर ती शिकलेली माणसे हवीत. म्हणून स्क्रिप्स येथे भूदलाच्या वायुसेनेतील व नौदलातील तरुण हवामान अधिकाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत दोनशेहून अधिक अधिकारी तेथे शिकून गेले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील सैन्यउतरणीसाठी लाटांचे अंदाज करणाऱ्यांत येथे शिकलेले अधिकारी होते. पॅसिफिकमधील बेटांवरही हीच पद्धत वापरली गेली.

या वर्गांचा दूरगामी परिणाम युद्धानंतर दिसला. गणवेश उतरवलेल्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी समुद्रविज्ञान हाच पेशा पत्करला. डेल लिपर यांनी १९४९ मध्ये टेक्सासमध्ये समुद्रविज्ञानाचा विभाग सुरू केला. स्क्रिप्स येथेच शिकलेल्या वेन बर्ट यांनी पुढे ओरेगनमध्ये तसाच विभाग उभारला, तर फ्लेमिंग यांनी सिॲटल येथील विभागाची धुरा सांभाळली.

प्रवाहांचा सिद्धान्त

१९४७ मध्ये स्वेर्ड्रुप यांनी वाऱ्यामुळे निर्माण होणाऱ्या प्रवाहांवर एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या थोड्या उत्तरेस एक प्रवाह व्यापारी वाऱ्यांच्या विरुद्ध, पूर्वेकडे वाहतो. वारा पश्चिमेकडे ढकलत असताना पाणी पूर्वेकडे का जाते, हा जुना पेच होता. प्रवाहाची दिशा वाऱ्याच्या केवळ जोरावर अवलंबून नसून अक्षांशागणिक तो जोर कसा बदलतो यावर अवलंबून असते, हे स्वेर्ड्रुप यांनी दाखवले. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम उत्तर-दक्षिण दिशेत बदलत जातो, म्हणून वाऱ्याने दिलेला पीळ पाण्याला उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकायला लावतो. त्यातून संपूर्ण प्रवाहाचे गणित मांडता येते. हा संबंध 'स्वेर्ड्रुप संतुलन' या नावाने ओळखला जातो. हेन्री स्टॉमेल (१९४८) आणि मंक (१९५०) यांनी त्यात घर्षणाची भर घालून महासागरांच्या पश्चिम कडेचे प्रवाह इतके वेगवान व अरुंद का असतात हे स्पष्ट केले.

एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर पाणी. जगातील सर्व नद्यांचे एकत्रित पाणी साधारण एक स्वेर्ड्रुपच्या आसपास भरते. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाणारा गल्फ प्रवाह सुमारे ३० स्वेर्ड्रुप, तर अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह शंभराहून अधिक स्वेर्ड्रुप वाहून नेतो.

याच वर्षी कॅलिफोर्नियातील सार्डीन माशांची मासेमारी कोसळू लागली होती. कारण शोधण्यासाठी मासे, प्लवक आणि पाणी यांची एकाच वेळी, ठराविक ठिकाणी, पुनःपुन्हा पाहणी करण्याची योजना आखण्यात स्वेर्ड्रुप यांचा वाटा होता. १९४९ पासून ही पाहणी नियमितपणे सुरू झाली व ती आजही चालू आहे. तरुण संशोधकांच्या अनेक पिढ्या तिच्या जहाजांवर निरीक्षण शिकल्या. मुळात माशांसाठी योजलेली ही मालिका आता समुद्राच्या तापण्याचा अभ्यास करण्यासाठी वापरली जाते.

नॉर्वेला परत

१९४८ मध्ये अमेरिकेतील पद सोडून स्वेर्ड्रुप नव्याने स्थापन झालेल्या नॉर्वेच्या ध्रुवसंस्थेचे संचालक झाले. त्यांच्या पुढाकाराने नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन यांची संयुक्त अंटार्क्टिक मोहीम (१९४९–१९५२) आखली गेली. तीन देशांतील बहुतांशी तरुण शास्त्रज्ञांनी मॉडहाइम या तळावर दोन हिवाळे काढले व हिमस्तराची जाडी भूकंपलहरींच्या तंत्राने मोजली. फेब्रुवारी १९५१ मध्ये बर्फावर चालणारे त्यांचे वाहन हिमकड्यावरून समुद्रात पडून तिघांना जलसमाधी मिळाली.

ओस्लो विद्यापीठात ते भूभौतिकीचे प्राध्यापकही होते. १९५३ मध्ये त्यांनी वसंतात वनस्पतिप्लवकांची एकाएकी होणारी वाढ समजावणारा निबंध लिहिला. हिवाळ्यात वादळांमुळे पाणी खोलवर घुसळले जाते आणि प्लवक बराच काळ अंधारात राहतात. घुसळणीची खोली एका मर्यादेपेक्षा कमी झाली की त्यांना मिळणारा प्रकाश पुरेसा होतो व वाढ सुरू होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी नॉर्वेजियन समुद्रात कायम उभ्या असलेल्या हवामाननौकेवरील नोंदी वापरल्या. हा सिद्धान्त गेल्या काही दशकांत वादाचा विषय झाला आहे, पण वाद घालणारे आजही आरंभ तेथूनच करतात.

भारताशी संबंध

१९५२ मध्ये नॉर्वेने भारताशी करार करून त्रावणकोर-कोचीन (आताचे केरळ) येथे मत्स्यव्यवसाय प्रकल्प सुरू केला. नॉर्वेच्या या मदतकार्यात स्वेर्ड्रुप यांचा सहभाग होता. भारतातील समुद्रविज्ञानाच्या शिक्षणावर त्यांच्या पद्धतीचा प्रभाव दुसऱ्या वाटेने आला. त्यांच्या काळात स्क्रिप्स येथे काम केलेले यूजीन लाफाँड १९५२ मध्ये आंध्र विद्यापीठात, वॉल्टेअर येथे अध्यापनासाठी आले आणि भारतीय नौदलाच्या जहाजांवरून विद्यार्थ्यांना बंगालच्या उपसागरात घेऊन गेले. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे.

सन्मान आणि निधन

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ॲलेक्झांडर अगासीझ पदक (१९३८) आणि अमेरिकन भूभौतिकी संघाचे विल्यम बोवी पदक (१९५१) त्यांना मिळाले. २१ ऑगस्ट, १९५७ रोजी ओस्लो येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, स्क्रिप्स येथे विद्यार्थी असलेले व पुढे तेथील संचालक झालेले रॉजर रेव्हेल यांनी हान्स सूस यांच्यासह, मानवाने हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र किती शोषू शकतो यावरील आपला प्रसिद्ध निबंध छापला.

अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने त्यांच्या नावे सुवर्णपदक ठेवले असून १९६४ मध्ये ते प्रथम हेन्री स्टॉमेल यांना व १९६६ मध्ये मंक यांना देण्यात आले. नॉर्वेच्या एका संशोधनजहाजालाही त्यांचे नाव आहे. 'मॉड' जहाज १९३० मध्ये कॅनडाच्या केंब्रिज बे येथे बुडाले होते. २०१६ मध्ये ते पाण्याबाहेर काढण्यात आले आणि २०१८ मध्ये नॉर्वेला परत नेण्यात आले.